भिंतीला खिडकी काढून काय होणार?

बाबाशाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आमच्या औरंगाबादला आले. म्हणजे आजच्या भाषेत परदेशी. अठराव्या शतकात त्यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की उभी राहिली. लांबच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून आणले, ते फकिरांच्या आणि तालिबइल्मांच्या भाकरीचे पीठ दळायला. परक्यासाठी बांधायचे तर आधी त्याच्या पोटापाण्याचे बघायचे, एवढे शहाणपण या शहराला तेव्हा होते.

आता आसामच्या गोलपारा जिल्ह्यातले माटियाचे केंद्र बघा. मंजूर खर्च ४६ कोटी, चार मजली पंधरा इमारती, तीन हजार माणसांची सोय. केंद्र सरकारच्या २०१९च्या आदर्श नियमावलीत मोकळी जागा, पाळणाघर, कुटुंबाची ताटातूट न करणे, सगळे लिहिलेले आहे. जानेवारी २०२३मध्ये पहिली ६८ माणसे जेलमधून तिथे हलवली. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अहवाल आला: पुरेसे पाणी नाही, स्वच्छता नाही, धड संडास नाहीत. नव्या कोऱ्या इमारतीत!

आमचे काही शिकलेसवरलेले मित्र म्हणतात, केंद्रे टळणार नसतील तर निदान माणुसकीने बांधा. अंगण द्या, उजेड द्या. द्या की! नळ, संडास, वकिलाशी बोलायला खोली, बायकामुलांसोबत राहायला जागा हे आत असलेल्या माणसाला आजच हवे. अंगणाशी आमचे भांडण नाहीच. पण खुनाच्या कैद्यालाही आपली शिक्षा किती ते ठाऊक असते. कागद पटला नाही म्हणून परदेशी ठरलेल्याला ते ठाऊक नसते. आसामातल्या अशा माणसांना न्यायालयाने २०१९मध्ये तीन वर्षांनी आणि २०२०मध्ये दोन वर्षांनी सशर्त सुटकेची वाट करून दिली. त्याआधी तेवढेही नव्हते. कोणता आर्किटेक्ट सुटकेची तारीख नकाशात काढून देणार आहे?

हे दूरचे नाही. २०१९मध्ये राज्याच्या गृहखात्याने अशाच केंद्रासाठी सिडकोकडे नेरूळमध्ये जागा मागितली होती. त्या डिसेंबरात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी अशी केंद्रे होऊ देणार नाही असा शब्द दिला. शब्द एका सरकारचा, सरकारे बदलतात.

आणि कागद म्हणाल, तर मराठवाड्यात आजोबांचे नाव निजामाच्या उर्दू दप्तरात एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. शेख, शे., शैख. लिहिणारा कारकून कोण होता त्यावर सारे अवलंबून. तो चुकला तर कोठडीची खिडकी पूर्वेला हवी की पश्चिमेला, याची चर्चा आम्ही का करायची? आधी हे सांगा, की दप्तरातल्या चुकीपायी कुणाला डांबणार नाही. त्या हिवाळ्यात घरोघरी ट्रंकांतून कागदांच्या पिशव्या निघाल्या होत्या. आमची अजून परत ट्रंकेत गेलेली नाही.