प्रेत हलविले, मग खोटे काय?

अमेरिकी यादवी युद्धाची (१८६१-१८६५) छायाचित्रे वर्गात दाखविली की प्रश्न हटकून येतो : यात लढाई कुठे आहे? ती नाही, कारण टिपता येत नव्हती. रसायन लावलेली ओली काच वाळण्याआत अंधाऱ्या गाडीत धुवावी लागे. एकेका चित्राला कित्येक सेकंद लागत. म्हणून उरले ते स्थिर राहू शकणारे : तंबूपुढे रेलून बसविलेले शिपाई, छावणीतली भांडीकुंडी, आणि प्रेते.

जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग येथे अलेक्झांडर गार्डनर व त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेच्या एका मृत शिपायाचे चित्र घेतले. दगडांच्या आडोशाला तो पडलेला, बंदूक भिंतीला टेकलेली. हे प्रेत जवळच्या उतारावरून उचलून तिथे मांडले होते, हे विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून चित्रास 'बनावट' म्हटले जाते. आम्हांस हे मान्य नाही. छावणीतला शिपाईही बेतूनच बसविलेला असे. त्याला कुणी खोटा म्हणत नाही.

आमचा आक्षेप मजकुरावर आहे. १८६६ च्या आपल्या संग्रहात गार्डनरने या चित्रासोबत घायाळ नेमबाजाच्या एकाकी मरणाची कथा रचली. नोव्हेंबरात परतलो तेव्हा सांगाडा आणि बंदूक जागच्या जागी होती, असेही लिहिले. (रणभूमीवर वस्तू वेचत हिंडणाऱ्यांना ती बंदूक चार महिने दिसली नाही म्हणायची!) त्या तरुणाचे नाव मात्र त्या मजकुरात कुठेच नाही.