आपल्या ताटात नाही, म्हणून...



गेल्या चातुर्मासात आमच्या थोरल्या आक्कांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. लघवीच्या कल्चरचा अहवाल आला, तेव्हा बहुतेक प्रतिजैविकांपुढे ‘आर’ हे अक्षर होते. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे ही औषधे या जंतूवर चालणार नाहीत.” बँकेत अनेक ताळेबंद वाचले, इतका तोट्याचा कधी वाचला नव्हता. अखेर शिरेतून दिलेल्या औषधाने आक्का बऱ्या झाल्या.

असे निर्ढावलेले जंतू दोन ठिकाणी विशेष तयार होतात : माणसांच्या औषधोपचारात आणि कुक्कुटपालनात. कोलिस्टिन हे गंभीर संसर्गातील अखेरच्या उपायांपैकी एक औषध. कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून तेच खाद्यातून अल्प मात्रेत दिले जाई. अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात व वाढतात. 2015 साली चीनमधील संशोधकांना डुकरे, मांस व रुग्ण यांच्यातील जंतूंत ‘एमसीआर-1’ हे जनुक आढळले. कोलिस्टिनला दाद न देण्याची ही शक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्या केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये कोंबड्या व अन्य खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली.

शाहूपुरीतील एक व्यापारी स्नेही म्हणाले, “आपण कोंबडीला शिवतही नाही, आपल्याला काय त्याचे?” पण कोंबडीखत शेतात जाते, तेथून पाणी ओढ्या-नदीला मिळते. बाजारात जिवंत कोंबड्या हाताळणाऱ्याच्या हातांवरही जंतू येतात. रुग्णालयात तर सर्वांच्या खाटा शेजारी-शेजारी असतात. जंतू आहार विचारीत नाही.

आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत, काहींचा पशुखाद्याचा व्यापार आहे. 1 मार्च 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीतील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. ही नोंद रोजकीर्दीइतकीच चोख असावी. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक मागणारे गिऱ्हाईक परत पाठवण्याने होणारा तोटा सोसण्याजोगा आहे.

घरातही सर्दीपडशाला प्रतिजैविक घेऊ नये. डॉक्टरांनी दिल्यास सांगितले तितके दिवस घ्यावे.

हे मी अधिकाराने लिहीत नाही. त्या आजाराआधी दोनदा आक्कांना ताप आला, तेव्हा डॉक्टरांना न विचारता माझ्या कपाटातील उरलेल्या गोळ्या मीच त्यांना दिल्या होत्या. आक्कांच्या शरीरातील तो जंतू कोठून आला, हे सांगता येत नाही. ते कपाट मात्र आता मी रिकामे केले आहे.