घर कोणत्या वयात, कोणाच्या नावावर?

मुंबईत घर शोधणाऱ्या पंचविशीतल्या मुस्लीम तरुणाला दोन किमती मोजाव्या लागतात. एक चौरस फुटाची, दुसरी नावाची. दलाल फोनवर भाडे सांगतो, फ्लॅट रिकामा आहे म्हणतो, मग नाव विचारतो, आणि तेवढ्यात फ्लॅट गेलेला असतो. राज्यघटनेचे १५वे कलम दुकाने, हॉटेले, विहिरी सर्वांना खुल्या करते. खासगी घरमालकाचा दरवाजा त्यात नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. या भेदभावाविरुद्ध कायदा हवा, ही मागणी आपण सोडणार नाही. पण आज मला बोलायचे आहे ते आपल्या हातातल्या निर्णयांबद्दल. तेही आपण नीट घेत नाही, असे माझे मत आहे.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. ती निवड नव्हती, जीव वाचवणे होते. आज तिशीतले जोडपे मुंब्रा-कौसा भागात घर घेते ते बऱ्याचदा स्वस्त म्हणून. पण स्वस्त का, हे कोण विचारतो? एप्रिल २०१३मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाटा भागात बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे दगावली. एखाद्या इमारतीवर कोणतीच बँक कर्ज देत नसेल, तर तो बहुधा कागदपत्रांत खोट असल्याचा इशारा असतो. आपल्याकडे काही जण त्यालाच नशीब समजतात: बरे झाले, व्याजापासून वाचलो! रोख मोजून घेतलेले ते घर उद्या पाडायला निघाले, तर जाणार असते आयुष्यभराची कमाई.

व्याजाचा प्रश्न मी हलका मानत नाही. तो अनेकांच्या ईमानाचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले, त्यामुळे देशातल्या बँकांत तो पर्याय नाही. युरोपातल्या फतवा परिषदेने १९९९मध्ये राहत्या पहिल्या घरासाठी, दुसरा मार्ग नसेल तर, बँकेच्या कर्जाला गरज म्हणून मुभा दिली. आपल्याकडचे अनेक उलेमा ती मानत नाहीत. ज्याने त्याने विचार करून ठरवावे. मात्र एक विसंगती मला खटकते. बँकेचे कर्ज नको म्हणणारे आपले कितीतरी लोक ‘हेवी डिपॉझिट’वर राहतात. घरमालकाला पाच-दहा लाख बिनव्याजी द्यायचे आणि भाडे न देता राहायचे. कर्जावर मिळणारा फायदा म्हणजेच रिबा, हा फिकहचा जुना नियम इथे कोणाला आठवत नाही. शिवाय ही रक्कम अनेकदा साध्या नोटरीच्या कागदावर दिली जाते. मालकाने पैसे उडवले की भाडेकरू वर्षानुवर्षे खेटे घालतो.

कर्ज घ्यायचेच ठरले, तर वय बघा. तीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी ३० वर्षांचा हप्ता सुमारे २३ हजार येतो, १० वर्षांचा ३७ हजार. बँका बहुतेक नोकरदारांना साठीच्या आसपास कर्ज संपवायला लावतात. ‘भावाचे लग्न होऊ दे, मग बघू’ म्हणत पन्नाशी गाठणाऱ्याच्या वाट्याला दुसरा आकडा येतो.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. पण करार नोंदणीकृत हवा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने वेगळे सिद्ध करेपर्यंत. म्हाडाच्या सोडतीचे अर्जही भरत राहा. मुंबईत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. संगणक आडनाव बघत नाही, आणि शेजारही सरमिसळ मिळतो. अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा.

आता वडीलधाऱ्यांच्या घरांबद्दल, कारण तिथे आपण सगळ्यात गप्प असतो. डोंगरी, नागपाडा, मदनपुरा इथल्या पागडीच्या खोल्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. भाडेकरू वारला की त्याचा हक्क आधी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणजे सासरी गेलेली मुलगी बहुधा बाहेर. कुरआनने तिला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा दिला आहे, हे प्रत्येक जुम्म्याला आपण अभिमानाने सांगतो. खोलीच्या जागी नवा फ्लॅट येतो तेव्हा मात्र कागदावर फक्त भावांची नावे असतात. बहिणीने विचारले तर ‘माहेर तोडतेस का?’ असे ऐकावे लागते. अब्बा हयात असतानाच, बिल्डरच्या करारावर सही होण्याआधी, सगळ्या भावंडांनी बसून तिचा हिस्सा रकमेत तरी ठरवून लिहून घ्यावा. नवे घर घेणार असाल तर ते पत्नीच्या किंवा बहिणीच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावरच्या घराला मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागते. पन्नास लाखांच्या घरावर ते पन्नास हजार रुपये होतात.