आकलनाविना आकलन

पुढील वाक्य वाचावे : 'काल झिमट्याने तळपीला खुमटले आणि मग तो भोंडरात निघून गेला.' आता प्रश्न. तळपीला कोणी खुमटले? झिमट्याने. केव्हा? काल. झिमट्या कोठे गेला? भोंडरात. प्रयोग बदला : झिमट्याकडून तळपी खुमटली गेली. सर्व उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण. झिमट्या कोण आणि खुमटणे म्हणजे काय, हे मात्र उत्तर देणाऱ्याला ठाऊक नाही. आम्हालाही नाही, कारण हे शब्द आम्ही आत्ताच बनवले आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावी 'आकलन' आणि 'व्याकरणाचा सराव' या नावांखाली इंग्रजीचे जे चालते, ते बहुतांशी याच जातीचे आहे. प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते उतरवून काढायचे. 'टू' काढून 'सो... दॅट' घालायचे, 'ॲज सून ॲज'चे 'नो सूनर... दॅन' करायचे, वाक्याचा अर्थ काय, ही चौकशी अप्रस्तुत. आम्ही मराठीचे अध्यापक. दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसतो, असा आक्षेप येईल. येवो. 'आकलन' हा कोणा एका विभागाच्या मालकीचा विषय नाही.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले २०१० साली दहावीला होती. आज ती तिशी ओलांडून गेली आहेत. इंग्रजी कितवीपासून, यावर आपण पुष्कळ भांडलो. २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटले आणि जूनअखेर शासनाने आपले निर्णय मागे घेतले. भाषा केव्हा आणि किती, हे आपल्याकडे राजकारण होते. ती कशी शिकवायची, हा प्रश्न मात्र कोणाच्याच व्यासपीठावर येत नाही.

आमचा खरा वाद इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानणाऱ्या मताशी आहे. ज्या घरात, ज्या रस्त्यावर इंग्रजी कानावर पडते, तेथे ते मत शोभून दिसेल. मेहकरच्या किंवा मलकापूरच्या बाजारात ते पडत नाही. येथील मुलाजवळ एकच भांडवल आहे, त्याची बोली. आणि ती भलतीच उपयोगी आहे. प्रमाण मराठीत 'मी जातो' हे रोजचेही असते आणि आत्ताचेही. इंग्रजीत ही दोन रूपे वेगळी ठेवावी लागतात. वऱ्हाडी मूल ती वेगळी ठेवतेच : 'मी शाळेत जातो' हे रोजचे, 'मी शाळेत जाऊन राह्यलो' हे या क्षणाचे. साध्या आणि चालू वर्तमानकाळातला भेद त्याच्या जिभेवर आयता आहे. पण मराठीचा शिक्षक 'जाऊन राह्यलो' अशुद्ध म्हणून खोडतो, इंग्रजीचा शिक्षक मराठीच नको म्हणतो, आणि मग त्याच मुलाला 'आय एन जी' लावण्याचे नियम पाठ करायला बसवतात! जे त्याला येत होते, ते आधी काढून घ्यायचे आणि मग सूत्ररूपाने परत द्यायचे, याला सराव म्हणतात.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या. तिच्यात रटाळपणा होता, वाक्ये कृत्रिम होती, तिने बोलण्याचा धीर दिला नाही; हे सगळे मान्य. परंतु अर्थ कळल्यावाचून भाषांतर करता येत नाही, एवढी एक कसोटी तिच्यात होती. ती आपण टाकून दिली आणि तिच्या जागी तितकी कडक दुसरी आणली नाही.

लोणारवर इंग्रजीत दहा ओळी द्या : भोवतालचे झरे आणि पावसाचे पाणी सरोवरात येते, तेथून बाहेर पडायला वाट नाही, उन्हाने पाण्याची वाफ होते. आणि विचारा : येणारे पाणी गोडे, मग सरोवराचे खारे का? याचे उत्तर उताऱ्याच्या एकाही ओळीत नाही. ते दहा ओळी समजूनच काढावे लागते. पाण्याबरोबर आलेले क्षार मागेच राहतात, हे शेतकऱ्याचे मूल सांगेल. वऱ्हाडीत सांगेल, सांगू द्यावे. मग तेच इंग्रजीत लिहायला लावावे. काळ, उभयान्वयी अव्यये, कार्यकारण दाखवणारी रचना, सारे व्याकरण तेथे गरजेपोटी येते.

'पण परीक्षेत असे विचारत नाहीत', हे उत्तर आम्हाला स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येते. बारावीला इंग्रजी अनिवार्य आहे. त्यात नापास झालेली मुलगी कापूस वेचायला जाते, पुन्हा फॉर्म भरते, पुन्हा तेच गाईड विकत घेते, आणि त्यात पुन्हा 'नो सूनर... दॅन'च असते.