पाणी पळवायचं किती?

कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग बसवणाऱ्या मुलांमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पाणी हळू फिरू द्या, म्हणजे रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळ मिळतो. दुसरा म्हणतो, पंप जेवढा दणकट तेवढा प्रोसेसर गार. दोघंही छातीठोक बोलतात आणि दोघांच्याही नादात पैसे जातात.

पहिल्या पंथाचं म्हणणं तर सरळ चूकच आहे. पाणी त्याच त्या चक्रात फिरत असतं. प्रवाह दुप्पट केला की एका फेरीत पाणी रेडिएटरमध्ये निम्माच वेळ थांबतं, हे खरं. पण फेऱ्याही दुप्पट होतात! मिनिटाचा हिशेब मांडला तर रेडिएटरमधला एकूण वेळ तेवढाच राहतो.

दुसऱ्या पंथासाठी थोडं गणित करू. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर ७० वॉट उष्णता उचलताना ते साधारण एक अंशाने तापतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट ओकत असतील, तर मिनिटाला एक लिटर प्रवाहात पाणी आत शिरतानाचं आणि बाहेर पडतानाचं तापमान यांत जवळपास सहा अंशांचा फरक पडतो. चार लिटरला तो दीड अंशाच्या आत येतो. आठ लिटरला पाऊण अंशाच्याही आत. म्हणजे एकावरून चारवर जाण्यात अर्थ आहे. चारवरून आठवर जाण्यात हाती फार काही लागत नाही. वेगवान पाणी ब्लॉकच्या तांब्यातून उष्णता जरा बरी उचलतं, पण तो फायदाही असाच घटत जातो. उलट प्रवाह दुप्पट करायचा तर नळ्या-ब्लॉकमधला अडथळा सुमारे चौपट होतो आणि पंपाला जोर लागतो आठपट. त्यातला बराचसा जोर पुन्हा उष्णता होऊन पाण्यातच उतरतो.

हे सगळं मला मांडून दाखवावं लागलं ते भाच्यामुळे. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, थ्रीडी अ‍ॅनिमेशनची छोटी कामं घेतो आणि त्यातून फीचा काही भाग स्वतः भरतो. रेंडर रात्रभर चालतो. मशीन ठेवायला जागा आजीच्या खोलीतच. साठवलेल्या पैशांत एक तर दोन पंप आणि दोन पंख्यांचा एक रेडिएटर येत होता, नाहीतर एक पंप आणि तसे दोन रेडिएटर. "मामा, दोन पंप घेतले तर मे महिन्यात टिकेल ना रे?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

उत्तर रेडिएटरमध्ये होतं. ढोबळ हिशेब असा, की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर मध्यम वेगात १०० वॉट बाहेर टाकतो, तेव्हा पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश गरम असतं. दोन पंख्यांवर ४०० वॉट लादले तर वीस अंश. खोलीत चाळीस असेल तर पाणी साठवर! बऱ्याच पंपांची मर्यादाच साठ असते. चार पंख्यांवर तेच पाणी पन्नासवर थांबतं. दुसऱ्या पंपाने एखादा अंश वाचला असता, दुसऱ्या रेडिएटरने दहा वाचले.

मग पंप कुठला? बाजारात दोन घराणी मुख्य आहेत. डी५ ताशी सुमारे १५०० लिटर आणि चार मीटरच्या आसपास हेड सांगतो. डीडीसी ताशी सुमारे १००० लिटर, पण हेड पाच मीटरच्या वर. खोक्यावरचे हे दोन आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवा. पहिला आकडा अडथळा शून्य असतानाचा, दुसरा प्रवाह शून्य असतानाचा. खरं काम मधेच कुठेतरी चालतं. अरुंद खाचांचे ब्लॉक जास्त असतील तर डीडीसीचा जोर कामी येतो. साध्या लूपला डी५ पुरतो आणि मंद वेगात तो शांत राहतो. आजी झोपते त्या खोलीत मी डी५च सुचवला.

हेड म्हणजे उंची, म्हणून टाकीपासून रेडिएटर किती वर आहे ते मोजायची गरज नाही. नर्मदेचं पाणी आपल्या इंदुरात आणायला शेकडो मीटर चढवावं लागतं, कारण ते परत खाली जात नाही. बंद लूपमध्ये उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं, आकाशपाळण्यासारखं. पंपाला झगडावं लागतं ते फक्त घर्षणाशी. मात्र टाकी पंपाच्या वर हवी. कोरडा पंप काही क्षणसुद्धा फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणजे तेच पाणी.

भाच्याचा पंप आता पाचपैकी दुसऱ्या नंबरवर चालतो. आजीची तक्रार पंख्यांबद्दल आहे, पंपाबद्दल नाही. खिडकीतला वाळ्याचा कूलर लावला की खोली जितके अंश उतरते, जवळपास तितकेच अंश लूपमधलं पाणीही उतरतं. कूलरच्या ओलाव्याने आत दव धरेल का, असं ताई विचारत होती. नाही धरणार, हे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार कधी होतच नाही. रेडिएटरच्या जाळीत धूळ मात्र दणकून बसते, ती महिन्यातून एकदा ब्रशने काढावी लागते.