खोकडाची बोली

मुखेड तालुक्यात बालाघाटाच्या उतारांवर काळी जमीन संपते आणि मुरमाड माळ सुरू होतो. बोरी-बाभळी आणि कुसळी गवताचा हा माळ व्यवहाराच्या दृष्टीने पडीक ठरतो. मात्र खोकडासाठी तेच घर असते. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्ह्यांची सामुदायिक कुई गावोगाव ओळखीची आहे. खोकडाचा आवाज मात्र फार थोड्यांच्या कानी पडतो. जेमतेम दोन ते तीन किलो वजन, लांब कान आणि काळ्या टोकाची झुपकेदार शेपटी असलेला हा प्राणी भारतीय उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही.

खोकडे जोडीने राहतात. हिवाळ्यात त्यांचे मीलन होते आणि सुमारे पन्नास दिवसांनी, बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, बिळात दोन ते चार पिले जन्मतात. बिळाला अनेक तोंडे असतात. नर व मादी दोघेही पिलांची राखण करतात आणि उंदीर, टोळ, वाळवी, बोरे यांवर गुजराण करतात.

तमिळनाडूत खोकडांचा अभ्यास करणारे ए. जे. टी. जॉनसिंग यांनी आपली निरीक्षणे 1978 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. खोकडाचा नेहमीचा आवाज म्हणजे भराभर उमटणारा किटकिटता साद. त्याखेरीज गुरगुर, कण्हणे, केविलवाणा सूर आणि गुरगुरत भुंकणे असे त्याचे इतर आवाज आहेत.

त्याच कुळातील तांबड्या खोकडाचा अभ्यास अधिक झाला आहे. बर्लिनमध्ये गुंटर टेम्ब्रॉक यांनी त्याचे आवाज ध्वनिमुद्रित केले. 1951 साली त्यांनी स्थापन केलेला प्राण्यांच्या आवाजांचा संग्रह आजही प्रसिद्ध आहे. पिले भुकेने वा थंडीने कण्हतात आणि आई जवळ येते. धोका निकट असेल तर आई खोकल्यासारखा दबका आवाज काढते. दूर असेल तर तीक्ष्ण भुंकते. त्या इशाऱ्यासरशी खेळणारी पिले बिळात शिरतात. ज्या पिलाला हा अर्थ लवकर उमगतो, त्याची जगण्याची शक्यता वाढते.

परंतु इशारा देऊनही न टळणारी संकटे वाढली आहेत. सोलापूरजवळील नान्नज परिसरात अबी तमीम वनक यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जेथे कुत्र्यांचा वावर असतो तेथे अन्न असूनही खोकडे जाणे टाळतात. डिस्टेंपरसारखे रोगही कुत्र्यांमार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतात. ही कुत्री माळावर येतात ती गावाच्या शिवेवर टाकलेल्या उष्ट्या अन्नाच्या आशेने. लग्नसराईनंतर पत्रावळ्यांसह ओतलेला भात भुकेल्या कुत्र्याला जगवतो, हे खरे. परंतु त्याच दयेची झळ शेजारच्या बिळातील मुक्या पिलांना बसते. कुत्र्याला दारात बसवून भाकर घालावी, त्याचे लसीकरण व निर्बीजीकरण करून घ्यावे आणि उरलेले अन्न माळावर टाकू नये. एवढ्याने दोघांचेही भले साधते.

दुसरे संकट यंत्राचे आहे. शेतीची सपाटी आणि मुरमाची खुदाई प्रामुख्याने उन्हाळ्यात उरकली जाते, आणि नेमकी तेव्हाच बिळात पिले असतात. यंत्राच्या घरघरीपुढे आईचा इशारा ऐकू येत नाही. आणि ऐकू आला तरी पिले पळतात ती बिळातच. पडीक रान विकत घेणाऱ्या किंवा बटईने देणाऱ्या कुटुंबाने काम लावण्यापूर्वी एकदा बांध व माळ पायी फिरून पाहावे. ताजी उकरलेली माती, चिमुकली पावले, अनेक तोंडांचे बीळ दिसले तर तेवढा तुकडा पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावा. खोकड वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 अन्वये संरक्षित आहे. शिवाय ते उंदीर खाते, त्यामुळे शेतकऱ्याचे नुकसान होण्याऐवजी राखणच होते.

मृगाच्या सरी येतात तोवर पिले आईबापांइतकी मोठी होऊ लागतात आणि पुढे आपापल्या वाटेने माळावर पांगतात. नंतर ते बीळ रिकामे राहते. मालकाला थांबावे लागते ते केवळ तीन-चार महिने.