‘हो’ म्हटल्याने मुले शेफारत नाहीत



लहान मुलांना उठसूट ‘हो’ म्हटले की ती शेफारतात, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटणारे नाही.

एक उदाहरण पाहा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला हलले. तिथली आदिवासी पोरे शाळेऐवजी गुरांमागे जात. त्यांना कुणी दटावले नाही, शाळाच कुरणावर गेली! शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने. मातीच्या बैलाचे शिंग तुटले, तर मूल ते थुंकी लावून पुन्हा चिकटवते. कुणाला सांगावे लागत नाही.

विस्तव, विहीर, रस्ता इथे ‘नाही’ हवेच. पण खेळायला कणकेचा गोळा मागणाऱ्या पोराला नकार कशासाठी? पालकांनी तो आजच त्याच्या हाती द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक